वरातीमागून लँकास्टर

भाच्याला बॉस्टनला नोकरी लागली तेव्हा अक्कानं साताऱ्यात पेढे वाटले आणि पोरगं अमेरिकेला गेलं म्हणून गल्लीभर सांगितलं. बॉस्टन निघालं इंग्लंडातलं, लिंकनशर परगण्यातलं. अमेरिकेतल्या बॉस्टनचं नाव याच्यावरूनच ठेवलेलं, हे नंतर कळलं. पण वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत, त्यामुळे साताऱ्यापुरता तो गेली सहा वर्षं अमेरिकेतच आहे. यंदा मी आणि ही त्याच्याकडे गेलो. पहिल्याच शनिवारी तो म्हणाला, "मामा, उठा, न्यूयॉर्कवरून जायचंय." आणि दहा-बारा मैलांवर न्यूयॉर्क लागलं की खरंच! थोडीशी घरं, भोवती शेतं आणि गावाच्या नावाची पाटी. हिनं पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला नि अक्काला धाडला. अक्काचं उत्तर आलं, "गर्दी दिसत नाही आज."

आम्हाला जायचं होतं ईस्ट कर्कबीला. या बाजूची जमीन अशी सपाट, की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला नजर टेकवायला जागा सापडू नये. ह्या सपाटीपायीच तर सगळं झालं. जमीन सपाट, आणि जर्मनी समोरच्या किनाऱ्यापलीकडे. म्हणून दुसऱ्या महायुद्धात एकट्या लिंकनशरमध्ये चाळीसहून जास्त विमानतळ झाले. युद्ध संपलं, बहुतेक धावपट्ट्या उखडल्या गेल्या आणि त्या जागी बीट आलं. आमच्याकडे उसाची साखर, यांच्याकडे बीटाची. भाच्याच्या फोनमधल्या बाईनं "आपण पोहोचलात" असं जाहीर केलं ते अशाच एका बीटाच्या शेतात.

बांधावर कुत्रं फिरवणाऱ्या एक आजी भेटल्या. त्यांनी रस्ता नीट समजावून सांगितला आणि शेवटी मला 'डक' म्हणाल्या. डक म्हणजे बदक. मी भाच्याकडे पाहिलं. "इथं मायेनं म्हणतात, मामा." ही मागच्या सीटवरून म्हणाली, "चाल बघून म्हणाल्या असतील."

आजींनी सांगितलेल्या वाटेजवळच मेव्हिस एन्डर्बी आणि ओल्ड बोलिंगब्रोक नावाची दोन गावं आहेत. एके काळी इथल्या पाटीवर 'टू मेव्हिस एन्डर्बी अँड ओल्ड बोलिंगब्रोक' असं लिहिलेलं असे. इंग्रजी पेपरात बारशाआधीची खुशखबर अशाच थाटात छापतात, अमक्या बाई आणि तमक्या बुवांना. कुणा टवाळानं पाटीखाली लिहून ठेवलं, 'अ सन'. पुत्ररत्न! आता बोलिंगब्रोकच्या किल्ल्यात १३६७ साली जन्मलेला मुलगा पुढे चौथा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला, तेव्हा टवाळाची बातमी खोटी नव्हती. जरा शिळी होती इतकंच.

ईस्ट कर्कबीत माणूस म्हणून दिसेना. गावापेक्षा विमानतळ मोठा, आणि विमानतळावर कोंबड्या! पँटन बंधू, फ्रेड आणि हॅरल्ड, यांचा धंदा होता कुक्कुटपालनाचा. आमच्याकडे पोल्ट्रीवाल्याच्या हातात चार पैसे खुळखुळले, की तो बोलेरो घेतो आणि ग्रामपंचायतीला उभा राहतो. या दोघांनी जुन्या विमानतळाचा तुकडा घेतला आणि १९८३ साली चक्क एक लँकास्टर बॉम्बर विकत घेतलं. १०२ फूट पंखांचं. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर बॉम्बरवर फ्लाइट इंजिनिअर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं गेली, त्यांतली ९५ परत आली नाहीत. ख्रिस्तोफर त्यांत होता. वय १९. धाकट्यांनी उभं आयुष्य अंडी-कोंबड्या केल्या आणि म्हातारपणाच्या वाटेवर भावाच्या नावानं विमान दारात आणून उभं केलं.

विमानाचं नाव 'जस्ट जेन'. युद्धकाळात 'डेली मिरर'मध्ये जेन नावाच्या मुलीची चित्रमालिका येई. तिचे कपडे काही ना काही निमित्तानं कुठेतरी अडकत, फाटत, उडून जात. सैनिकांचं मनोधैर्य टिकवण्यात तिचा वाटा मोठा, असं भाचा गंभीर चेहऱ्यानं सांगत होता. नाकाडावर तिचं चित्र आहे. हिनं ते पाहिलं आणि मला पंख बघायला पाठवलं.

पण या जेनबाईंनी युद्ध पाहिलंच नाही. त्या कारखान्यातून बाहेर पडल्या १९४५ साली. जर्मनी आटोपत आला होता, म्हणून जपानवर पाठवायचं ठरलं, तोवर जपानही शरण आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मग काही वर्षं पडून, मग फ्रेंच आरमाराकडे बदली, पार पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियापर्यंत. मग सिडनी, १९६५ ला उडत इंग्लंडात परत, आणि मग स्कॅम्प्टनच्या हवाई तळाच्या फाटकाशी वॉचमनसारखी वर्षानुवर्षं उभी. एखाद्या कारकुनाचं सर्व्हिस बुक वाचतोय असं वाटलं. आजही ती उडत नाही. उडवायच्या तयारीनं डागडुजी चालू आहे. तोवर काहीशे पौंड घेऊन लोकांना आत बसवतात आणि जमिनीवरच फिरवून आणतात. भाच्यानं माझ्या साठीनिमित्त तिकीट काढून ठेवलं होतं.

दार शेपटाजवळ. विमान शेपटीवर बसलेलं, म्हणून आत चढण लागते. वाकून चार पावलं गेलो तो समोर आडवी तुळई. दोन्ही पंख जिच्यावर तोलले जातात ती जाडजूड तुळई विमानाच्या पोटातून आरपार गेलेली, आणि पुढे जायचं तर ती ओलांडूनच. एक पाय पलीकडे टाकला आणि पोट आडवं आलं. ना पुढे, ना मागे. घोड्यावरच्या नवरदेवासारखा मी त्या तुळईवर बसून राहिलो. तिथल्या स्वयंसेवकानं कोपर धरलं. "सावकाश, घाई नाही."

घाई नव्हती, खरंच. दिवसाउजेडी, उभ्या विमानात, कुणीतरी हात धरलेला. पायांत लोकरीचे बूट, अंगावर पॅराशूटचे पट्टे, पेटलेलं विमान गिरक्या घेत खाली चाललेलं, अंधार. अशात कुणाकुणाला हीच तुळई ओलांडून मागचं दार गाठावं लागे. युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं गेली. बहुतेक भाच्याहून लहान.

मग इंजिनं. चार मर्लिन, प्रत्येकाला १२ सिलिंडर, एकूण ४८. माझ्या जुन्या स्कूटरला एक होता, तरी ती आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे. पहिला पंखा उगाच दोन-तीन वेळा फिरला, थांबला, खोकला, पांढऱ्या धुराचा लोट सोडून गरगरू लागला. चारही लागली तेव्हा आवाज कानांत नव्हताच, तो बरगड्यांत होता. कवळी काढून ठेवायला हवी होती असं वाटलं. बैलगाडीच्या चालीनं आम्ही निघालो. कुंपणाशी माणसं उभी. काही हात हलवत होती. एक म्हातारा नुसताच उभा होता, टोपी काढून.

परत आल्यावर ही कँटीनमध्ये चहा घेऊन बसली होती. तेवढ्यात अक्काचा फोन.

"विमानात बसलो, अक्का."

"कुठं गेलास?"

"कोंबड्यांच्या शेडपर्यंत."

"आणि मग?"

"परत."

अक्का जरा थांबली. "बरं. मी इथं वॉशिंग्टन म्हणून सांगते."