कोरम सहाचा

कोकणी माणूस फ्लॅट घेतो तो भाऊबंदकीला कंटाळून. गावच्या घराच्या उताऱ्यावर बावीस नावं. पडवीचं कौल फुटलं तर ते कुणी बदलायचं, यावरून दोन पिढ्यांचं बोलणं बंद. परसातल्या फणसाला यंदा किती फणस लागले, याची चौकशी मुंबईहून. या सगळ्यातून एकदाचं सुटावं म्हणून तो प्रॉव्हिडंट फंड काढतो, वर बँकेचं कर्ज घेतो आणि रत्नागिरीत नाचण्याच्या नाहीतर कुवारबावच्या अंगाला दोन खोल्या, किचन आणि एक गॅलरी घेऊन मोकळा होतो. पुढं इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली जाते. मग त्याच्या ध्यानात येतं की जिना सामायिक आहे, गच्ची सामायिक आहे, पाण्याची टाकीही सामायिक आहे आणि या सामायिक मिळकतीची काळजी वाहायला कायद्यानंच नवे भाऊबंद नेमून दिले आहेत. त्यांना कमिटी म्हणतात.

आदर्श उपविधींप्रमाणे शंभरपर्यंत सभासदांच्या संस्थेला अकरा जणांची कमिटी, आणि तिचा कोरम सहाचा. उपविधी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं मुंबईचे टॉवर असावेत. आमच्या इमारतीत फ्लॅट सोळा. त्यातले सहा चाकरमान्यांचे; ते गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. राहिली दहा बिऱ्हाडं. या दहांतून अकरा निवडायचे! बरीच मनधरणी झाली, एकदोघांना चहाला बोलावून गाफील गाठलं, तेव्हा कुठे सहा जण हाती लागले. बाकीच्या जागा रिकाम्याच. म्हणजे आमची अख्खी कमिटी हाच आमचा कोरम. एकाला पडसं झालं की संस्थेचा कारभार ठप्प.

माळनाक्याला जा, परटवण्याला जा, खेडशीला जा, हे सहा जण तुम्हाला भेटणारच. नावं तेवढी वेगळी.

चेअरमन निवृत्तच असावा लागतो. कोर्टातून, पाटबंधाऱ्यातून, एसटीतून किंवा जिल्हा परिषदेतून. आमचे अण्णा कोर्टातले. उभी हयात दुसऱ्यांच्या सामायिक जमिनीचे दावे बघण्यात गेल्यामुळे समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकायच्या आत ते पुढची तारीख देतात. ‘‘गळती ना? पुढच्या रविवारी बघू.’’ जिन्यात पोरांनी क्रिकेट मांडलं तरी अण्णांची सुरुवात ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ इथून होते. तोवर पोरांचा डाव आटोपलेला असतो.

घराच्या बाबतीत अण्णा स्वतः पोळलेले आहेत. नोकरीत असताना त्यांनी म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत अर्ज भरले, तेही अल्प उत्पन्न गटातून. मंडळ कोकणचं, तेव्हा घर कोकणातच मिळणार असा त्यांचा सरळ हिशोब. मंडळाचं ऑफिस निघालं वांद्र्याला, कलानगरात आणि घरं निघाली विरार-बोळींजला. ‘‘अहो, मंडळाच्या कार्यक्षेत्रात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे आहेत,’’ असं तिथल्या साहेबांनी समजावलं. अण्णा म्हणाले, ‘‘मग पहिल्या दोनांतच का संपतं हो तुमचं कोकण?’’ पुढं २०१८ साली रत्नागिरीचे आमदार उदय सामंत म्हाडाचे अध्यक्ष झाले, तेव्हा अण्णांनी पेपरातली बातमी कात्रीनं कापून फाइलला लावली. पण तोवर त्यांनी हा फ्लॅट घेऊन टाकला होता, आणि चेअरमनही झाले होते.

गळतीची तक्रार घेऊन कुणी फारच चढ्या आवाजात बोलायला लागला, की अण्णा थिबा राजाला काढतात. ‘‘ब्रह्मदेशचा राजा हो! इंग्रजांनी १८८६ साली इथं आणून ठेवला. सरकारी सोय. नीट राजवाडा बांधून कधी मिळाला? १९१०ला. चोवीस वर्षं थांबला तो. आणि राहायला गेल्यावर सहा वर्षांत आटोपला, १९१६ला. तुमची गळती गेल्या जूनमधली. राजापेक्षा मोठे काय तुम्ही?’’ या युक्तिवादाला आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही. तक्रार तिथंच निकाली निघते. छत मात्र गळायचं थांबत नाही.

सेक्रेटरी मराठीचे शिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणतात. तक्रार-अर्ज दिला की तो दुसऱ्या दिवशी लाल शाईनं तपासून परत येतो. ‘छताची गळती होत आहे’च्या जागी ‘छत गळत आहे’. तक्रारीचं काय झालं असं विचारलं तर ‘‘आधी शुद्ध लिहून आणा,’’ म्हणतात. त्यांचा खरा जीव इतिवृत्तात. सभेत एकमेकांना ‘मेल्या’ म्हणून झालेलं असतं, खुर्ची सरकलेली असते, कुणीतरी चहा न घेता उठून गेलेलं असतं. आणि वहीत उमटतं, ‘सदर विषयावर सभासदांनी विस्तृत चर्चा करून मौलिक सूचना केल्या.’

खजिनदार एका पतसंस्थेत आहेत. पैसे येऊ द्यायचे, जाऊ द्यायचे नाहीत, हे त्यांनी नोकरीत शिकून घेतलं आहे. जिन्यातला बल्ब गेला म्हणून सांगितलं तर ते तिथी विचारतात. पौर्णिमा जवळ असेल तर खर्च पुढं ढकलतात. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क लावता येतं, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असा २००१ सालचा सरकारी आदेश आहे. आमच्या सेवाशुल्काच्या १० टक्के म्हणजे महिना चाळीस रुपये. फ्लॅट भाड्यानं देऊन बाहेर राहणाऱ्या एका सभासदाकडे हे चाळीस रुपये थकले आहेत. त्यांच्या वसुलीसाठी खजिनदारांनी रजिस्टर पोस्टावर किती खर्च केला, ते कुणी विचारत नाही, कारण ते विचारलं की हिशोबतपासनीसाच्या फीचा विषय निघतो.

महिलांसाठीच्या दोन जागा मात्र भरलेल्या आहेत, आणि कारभार चालतो तो तिथूनच. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गच्चीची किल्ली असते. मुंबईच्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. पण इथं पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे गळतीवर एकच औषध : गच्चीवर पत्र्याची शेड. आणि शेड घातली की ऊन गेलं. ऊन गेलं की आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुरडया वाळवायच्या कुठं? त्यामुळे आमच्या सोसायटीत दोनच पक्ष आहेत, गळतीवाले आणि वाळवणवाले. गळतीवाले वरच्या मजल्यावरचे. वाळवणवाले खालच्या तिन्ही मजल्यांवरचे, म्हणून बहुमतात. काकू राहतात वरच्या मजल्यावर, पण आमसुलांची ऑर्डर घेतात, त्यामुळे त्यांचे पाय दोन्ही पक्षांत. शेवटी त्यांनीच तोड काढली. निम्म्या गच्चीवर शेड, निम्मी उघडी. उघड्या निम्म्या गच्चीवरचं ऊन वारांप्रमाणे वाटून दिलं. मंगळवारचं ऊन आपल्याला कमी आलं, असा एका बिऱ्हाडाचा लेखी अर्ज अजून प्रलंबित आहे.

दुसऱ्या वहिनी वयानं लहान, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्याकडे. टाकीत पाणी नाही असं कुणी लिहिलं की त्या हात जोडल्याचं चित्र टाकतात. मग उरलेले चौदाजण हात जोडतात. पाणी येत नाही, पण वातावरण सात्त्विक होतं. शीळ धरणाचं पाणी खाली गेलं आणि नगरपरिषदेनं कपात लावली, की ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन’ अशी व्यवस्था होते. ती पहिला पाऊस पडल्यावर उठते.

सहावे भाऊ. यांच्याकडे कुठलंच खातं नाही. मिरकरवाड्याला त्यांचा मासळीचा धंदा. सभेत ते बोलत नाहीत, सगळ्याला ‘‘चालेल’’ म्हणतात आणि सही करतात. त्यांचं काम एकच, येणं. पण कोरम सहाचा असल्यामुळे सगळी संस्था त्यांच्यावर टांगलेली. बोटी लागल्या, लिलाव लांबला, की मीटिंग रद्द. पावसाळी मासेमारी बंदी असते तेव्हा, म्हणजे जून-जुलैत, आमची कमिटी सगळ्यात कार्यक्षम असते. नेमकी तेव्हाच गळतीही असते, एवढीच काय ती देवाची कृपा. पण भर पावसात गच्चीवर काम करायला गवंडी येत नाही. तो येतो ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबरात भाऊ येत नाहीत.

वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे. गणपतीत सगळे गावी. त्याआधी गणपतीची तयारी. त्यामुळे बहुतेक वर्षी मोकळा सापडतो तो पितृपक्ष. मग सभेत जुन्या चेअरमनांची आठवण आपसूकच निघते, आणि ‘त्यांच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य दरसाल तर्पणासारखं सोडलं जातं. नोटिशीत सर आधीच लिहून ठेवतात की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच जागी होईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे सगळे अर्ध्या तासानंच येतात. गणपतीनंतर रेंगाळलेला एखादा चाकरमानी पहिल्या रांगेत बसून ‘‘आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत...’’ असं सुरू करतो. त्यावर अण्णा थेट १९१५ सालात जातात. मुंबईतल्या गावदेवीची सारस्वत सोसायटी, तिचे संस्थापक तालमकी यांची दूरदृष्टी, आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था. मागून कुणीतरी विचारतं, ‘‘तिथं पंप कोण चालू करायचं, अण्णा?’’ विषय संपतो.

सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय कन्व्हेयन्सचा. १९६३चा मोफा कायदा आणि त्याचे नियम सांगतात, की करारात दुसरी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन संस्थेच्या नावे करून द्यावी. आमच्याकडे चार महिने जाऊन चार चेअरमन झाले. बिल्डर सापडत नाही, तेव्हा २००८च्या दुरुस्तीनं दिलेल्या मानीव अभिहस्तांतरणाच्या वाटेनं जायचं ठरलं आणि अण्णांनी सातबारा काढून आणला. त्यावर जमिनीच्या मूळ मालकांची सामायिक नावं जशीच्या तशी. अण्णांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली. सगळी मिळून एकोणीस, त्यातली काही कैलासवासी, दोन बहिणींच्या नावापुढं वारस-तपास बाकी. ज्याला कंटाळून आम्ही गावचं घर सोडलं, ते आमच्या पार्किंगखालीच होतं. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग अण्णांचा चेहरा खुलला. चाळीस वर्षं हेच तर केलं होतं त्यांनी! ‘‘आपल्या गावच्यापेक्षा तीन नावं कमीच आहेत,’’ म्हणाले, ‘‘होईल.’’

गावात भावकीचं वाजलं की बोलणं तुटतं ते तुटतंच. मधल्या दाराला खिळे ठोकतात, लग्नाची अक्षत टळते, मयताला तेवढे येतात. कमिटीत तशी सोय नाही. मागच्या रविवारी ज्याच्या तोंडाला तोंड लागलं, त्याच्या शेजारी पुढच्या रविवारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसावंच लागतं, कारण नाहीतर कोरम होत नाही. खजिनदार आणि काकू शेडच्या बिलावरून एकमेकांशी बोलत नव्हते, त्या काळातही दोघं दर मीटिंगला आले. खजिनदार म्हणायचे, ‘‘सर, काकूंना सांगा, बिल जोडलेलं नाही.’’ काकू म्हणायच्या, ‘‘सर, त्यांना सांगा, मागच्या महिन्यात दिलंय.’’ सरांनी दोघांचंही इतिवृत्तात शुद्ध करून लिहिलं. तिसऱ्या मीटिंगला सर आजोळी गेले होते, म्हणून दोघांनी परस्पर बोलून घेतलं. ती मीटिंग अर्थात झालीच नाही, कारण पाचजणच होते.

अण्णा दर वर्षी राजीनामा देतात. वर्गणी थकली, कुणी टोमणा मारला, पंप जळला, की लिफाफा तयार. पण राजीनामा कमिटीनं मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही, मंजुरीसाठी मीटिंग लागते आणि मीटिंगला सहाजण लागतात. अण्णा आले नाहीत तर पाचच. तेव्हा स्वतःचा राजीनामा मंजूर करायला अण्णांना यावंच लागतं, आणि आले की अध्यक्षस्थानी तेच. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. त्यात सर ऱ्हस्व-दीर्घावर अडतात. दुसरा थकबाकी, म्हणजे ते चाळीस रुपये. तिसरा गच्ची. चौथा कन्व्हेयन्स. पाचवा टाकीचा बॉल-कॉक, तो साडेनऊला येतो, आणि भाऊंना पहाटे बंदरावर जायचं असतं. राजीनामा सातव्या क्रमांकावर आहे. कमिटी अजून पाचव्याच्या पुढं गेलेली नाही.