ऐंशीची किल्ली, बत्तीसचं माप

युरोपात पोलिसांच्या हातातला वॉकीटॉकी, बंदरातला आणि रेल्वेतला रेडिओ, वीज उपकेंद्राला दुरून मिळणारी ‘बंद कर, चालू कर’ ही आज्ञा, यांतलं बरंच काही ‘टेट्रा’ या मानकावर चालतं. ‘एत्सी’ या युरोपीय मानक संस्थेने ते १९९५मध्ये आणलं. संदेश गुप्त राहावेत म्हणून त्यात चार पद्धती ठेवल्या. त्यांतली टीईए-१ ही व्यापारी वापरासाठी आणि निर्यातीसाठी. किल्ली ८० बिटांची, असं कागदावर.

जुलै २०२३मध्ये ‘मिडनाइट ब्लू’ या डच कंपनीच्या तिघा संशोधकांनी आतला प्रकार उघड केला. ही किल्ली वापरण्याआधी आतल्या आत ३२ बिटांवर आणली जाते. चक्क मापात पाप! एक बिट घटला की शक्यता निम्म्या होतात. अठ्ठेचाळीस बिट काढल्यावर उरतात सुमारे ४२९ कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटेल, पण घरातला साधा संगणक एवढ्या किल्ल्या मिनिटभरात लावून पाहतो. या तिघांनी तर १९९८ सालच्या लॅपटॉपवरही कुलूप उघडून दाखवलं.

निर्यातीचे नियम तसे होते, असं एत्सीचं म्हणणं. असतील. पण घेणाऱ्याला का सांगितलं नाही? कुलपाला चोरवाट ठेवून ते ‘मजबूत’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

ती इतकी वर्षं टिकली, कारण पद्धतच गुपित होती. बाहेरच्या कुणाला तपासायची सोय नव्हती. किल्ली गुप्त ठेवा, कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, हे सांकेतीकरणाचे अभ्यासक केरकॉफ्स यांनी १८८३मध्येच लिहून ठेवलं आहे. एत्सीने पद्धती खुल्या करायचं जाहीर केलं ते नोव्हेंबर २०२३मध्ये, अब्रू गेल्यावर.

टेट्राच्या सांकेतीकरणावर आणखी एक सांकेतीकरण चढवा, असाही उपाय सुचवला गेला. २०२५मध्ये याच चमूला तशा एका रेडिओत १२८ बिटांची किल्ली ५६वर आणलेली सापडली.

टेट्रा आपल्या देशातही वापरात आहे. त्याच्या खरेदीवर सही करणाऱ्या अभियंत्यांना माझी विनंती आहे: ‘सांकेतीकरण आहे’ या एका ओळीवर सही करू नका. कोणती टीईए आहे आणि प्रत्यक्षात किती बिट वापरले जातात, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.