एक्कावन्न टक्क्यांचे विमान

घरी बांधावयाच्या विमानाचा संच, म्हणजेच किट, विकणाऱ्या कारखान्याचे वैशिष्ट्य असे की माल पूर्ण करून देणे हाच त्याच्या धंद्यातील मोठा अपराध ठरतो. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीची दहा हजारांहून अधिक विमाने आकाशात गेली, तीही हे पथ्य पाळूनच. अशाच एका कंपनीच्या दालनात एक हौशी ग्राहक सपत्नीक आला असता पुढील संभाषण घडते, असे मानावे.

ग्राहक : सुट्या भागांची खोकी नकोत. पूर्ण जोडलेले विमान मिळाल्यास वाढीव रक्कम देण्याची तयारी आहे.

विक्रेता : रक्कम स्वीकारण्यास कंपनीची हरकत नाही, परंतु संघीय विमान वाहतूक प्रशासनाचा जो नियम हौशी मंडळींत ‘एक्कावन्न टक्के’ या नावाने ओळखला जातो, त्यानुसार विमानाच्या घडणीचे अधिकांश काम अशा व्यक्तीने केलेले असावे लागते की जिने ते केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी हाती घेतले आहे.

ग्राहक : शिक्षण तर पदवीपर्यंत झालेले आहे.

विक्रेता : मग करमणूक शिल्लक राहते.

ग्राहक : इंजिन तरी घरी ओतावे लागत नाही ना?

विक्रेता : नाही. इंजिन, पंखा, चाके आणि उपकरणे विकत आणलेली चालतात, ती या हिशेबात धरली जात नाहीत. शिवाय ‘क्विक-बिल्ड’ नावाचा महागडा संच घेतल्यास पंख आणि धड बरेचसे जोडून मिळतात. मात्र तेथेही कारखान्याला नियमाच्या उंबरठ्याशी हात आवरावा लागतो, कारण त्यापुढील प्रत्येक खिळा ग्राहकाची करमणूक हिरावून घेतो.

पत्नी : प्रारंभ कोठून होतो?

विक्रेता : शेपटीपासून. तो भाग लहान आणि तुलनेने स्वस्त असल्याने, काम झेपते की नाही याचा अंदाज मोठी रक्कम गुंतवण्यापूर्वी येतो.

पत्नी : म्हणजे एरवी हत्ती जाऊन शेपूट राहते; येथे शेपूट गॅरेजमध्ये येऊन पडते आणि हत्तीचा पत्ता नसतो.

विक्रेता : काही घरांत तसे घडते खरे. पुढे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या चिमट्यांनी जुळवावयाचे आणि नंतर रिव्हेट ठोकावयाचे. अनेक ठिकाणी त्यास दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून हवेच्या हातोड्याने ठोकावे आणि दुसऱ्याने आत हात घालून रिव्हेटच्या शेपटाशी पोलादी ठोकळा दाबून धरावा.

(ग्राहक पत्नीकडे पाहतो. पत्नी कराराचा कागद वाचत राहते.)

पत्नी : २०२३ च्या डिसेंबरात व्हॅन्स कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाचे संरक्षण मागितले होते. लेसरने कापलेल्या भोकांच्या कडांना तडे जाण्याचा प्रश्न उद्भवला होता आणि आधी मागणी नोंदवलेल्यांनाही चढे दर मान्य करावे लागले. येथील दर किती काळ स्थिर राहतील?

विक्रेता : कराराचे वाचन इतक्या बारकाईने सहसा होत नाही.

ग्राहक : विमान पूर्ण झाल्यावर तरी उडता येते ना?

विक्रेता : येते, परंतु निरीक्षकाची तपासणी होते, त्यासाठी प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि नोंदवही दाखवावी लागते, आणि दाराजवळ ठळक अक्षरांत ‘प्रायोगिक’ अशी पाटी लावावी लागते. शिवाय हे विमान नेहमीच्या विमानांसाठीचे सुरक्षा-नियम पाळत नाही, असा इशारा प्रवाशाच्या नजरेसमोर राहील अशा बेताने आत लावलेला असावा लागतो.

पत्नी : विवाहप्रसंगी अशी सोय नव्हती.

विक्रेता : त्यानंतर चाचणीचा काळ येतो. परंपरेने तो २५ किंवा ४० तासांचा असून, इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर कमी तास पुरतात. या काळात दाट वस्तीपासून दूर उडावे लागते आणि हौसेखातर प्रवासी नेता येत नाही.

पत्नी : आणि दरवर्षीची तपासणी?

विक्रेता : विमान ज्याने मुख्यतः बांधले त्या व्यक्तीला दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्या बळावर स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतःच करता येते. मात्र एका विमानामागे हे प्रमाणपत्र एकालाच मिळते. वैमानिकाचा परवाना वेगळा. तो आपल्याकडे असेलच?

(ग्राहक अद्याप वर्गांची चौकशी करीत असल्याचे सांगतो. पत्नी पर्समधून स्वतःचा परवाना काढून मेजावर ठेवते, आणि नोंदवही कोणत्या आकाराची घ्यावी असे विचारते.)

विक्रेता (मागणीपत्रक पत्नीकडे सरकवून, ग्राहकास) : पोलादी ठोकळे तिकडच्या फडताळात आहेत. हाताला पेलेल असा एखादा निवडून ठेवावा.