पन्नास तासांचा मोदक

सोसायटीच्या गणपतीसाठी दहा सेकंदांचं अ‍ॅनिमेशन करून देतो, असं मी बैठकीत चहाच्या भरात कबूल केलं. ताटात फिरणारा मोदक, वर तुपाची धार, बस. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोदक घडवायला चार दिवस गेले. कळ्या तर आईच्या मोदकापेक्षा एकसारख्या पडल्या. हे अर्थात आईला सांगितलं नाही. आता फक्त रेंडर, म्हणजे संगणकाकडून एकेक चित्र काढून घेणं, राहिलं होतं.

सॅम्पल्सच्या चौकटीत ४०९६ हा आकडा आयताच बसलेला होता. एकेका ठिपक्याचा रंग ठरवण्यासाठी संगणक प्रकाशाचे किरण किती वेळा सोडून बघणार, तो हा आकडा. जाणकारांनी ठेवलाय म्हणजे असेल काही, म्हणून मी हात लावला नाही. एका फ्रेमला बारा मिनिटं लागली. सेकंदाला २५ प्रमाणे फ्रेम झाल्या २५०. गुणाकार केला: पन्नास तास! आरती उद्या संध्याकाळी. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’त काही फ्रेमना तीस-तीस तास लागले होते, अशी स्वतःची समजूत घातली. पण त्यांच्याकडे ११७ संगणक होते, माझ्याकडे एक, तोही हप्त्यावरचा.

सॅम्पल्स १२८ वर आणले. काम दीड तासावर आलं, पण मोदकावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके. हा रवा निम्मा करायचा तर सॅम्पल्स चौपट करावे लागतात. तो व्यवहार परवडेना, म्हणून ठिपके पुसणारा डीनॉइझर लावला. त्याने रवा झाडला आणि त्याबरोबर कळ्याही. समोर पेढा!

मग उजेड उकडीत शिरून आतून झिरपतो, तो हिशेब बंद करून पाहिला. वेळ वाचला, मोदक मात्र चुन्याचा झाला.

शेवटी ५१२ वर तडजोड केली. सव्वासहा तास. रात्री रेंडर लावलं आणि दर दहा मिनिटांनी डोकावू लागलो. नारळ खवत बसलेली आई म्हणाली, “सारखं झाकण उघडू नये, वाफ जाते.”

पहाटे २११व्या फ्रेमला वीज गेली. मी शहाण्याने थेट एमपी४ निवडलं होतं; ती अर्धवट फाइल काही उघडेना. पीएनजीची सुटी चित्रं काढली असती, तर तिथूनच पुढे सुरू करता आलं असतं. सगळं पहिल्यापासून.

संध्याकाळी मोदक झळकला, तो मंडपात ताणलेल्या चादरीवर. त्यावर हॅलोजनचा झोत. ताट कुठे संपतं आणि मोदक कुठे सुरू होतो, तेही कळेना. १२८ सॅम्पल्सही चैन ठरले असते.

“छान झालाय हो,” शेजारच्या काकू म्हणाल्या, “आत सारण कसलं?”

मी गप्प. संगणकातला मोदक आतून पोकळ असतो.

आईने त्यांच्या हातावर पंधरा मिनिटांत उकडलेला मोदक ठेवला.