फायदेराव

ऑफिसात त्यांना तोंडावर सर आणि माघारी फायदेराव म्हणतात. विकतात बिलिंगचं सॉफ्टवेअर, पण 'सॉफ्टवेअर' हा शब्द त्यांच्या तोंडून गेल्या दोन वर्षांत कुणी ऐकलेला नाही. कुठल्याशा शिबिरात त्यांना साक्षात्कार झाला : २००१ साली ॲपलने आयपॉड काढला तेव्हा पाच जीबीची डिस्क विकली नाही, खिशात मावणारी हजार गाणी विकली. तेव्हापासून ते घरच्या फ्रीजलाही 'उद्याच्या आमटीची हमी' म्हणतात.

तो प्रोग्राम मी लिहिलाय. माझ्या बारकोडबद्दल, रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपबद्दल कुणी चार शब्द बोलावेत, एवढीच माझी माफक इच्छा. म्हणून एकदा त्यांच्याबरोबर पुण्याच्या बोहरी आळीत गेलो, माझ्या नेहमीच्या हार्डवेअरवाल्या शेठकडे.

"शेठ, रात्री घरी किती वाजता जाता?"

"साडेनऊ."

"आठला गेलात तर? गरम पोळी, नातवंडं..."

"आठला मालिका चालू असते. मला कोण विचारतंय?" शेठ खिळे तोलत म्हणाले.

"बरं, ११ तारखेला जीएसटीआर-वन, २० तारखेला थ्रीबी. झोप लागते?"

"ते सीए बघतो. झोप त्याची जाते."

"मनःशांती, शेठ!"

शेठनी काटा थांबवला. "तुम्ही नक्की विकताय काय? विमा की योगासनं?"

मला राहवेना. "शेठ, बिल होतं, स्टॉक कळतो, उधारीवाल्याला तारखेला मेसेज जातो."

"मेसेज कोण पाठवतं? मी नाही ना?"

"छे!" फायदेराव झेपावले. "मशीन पाठवतं. तुम्ही फक्त चहा पाजायचा आणि म्हणायचं, अहो, कॉम्प्युटरचं काय मनावर घेता!"

शेठनी गल्ल्याखालून लाल वही काढली. तिच्यात भाचेजावई होते, माजी नगरसेवकाचे बंधू होते, सोसायटीचे चेअरमन होते. ज्यांच्यापुढे शेठचं तोंड कधी उघडलं नाही, अशी सगळी मंडळी. चेक तिथल्या तिथे फाटला.

"बघितलंत? फायदा!" जिना उतरताना फायदेराव म्हणाले. फीचर मी सांगितलं होतं, हे ते अजून मान्य करत नाहीत.

शनिवारी सकाळी माझा फोन वाजला. मीच लिहिलेला मजकूर, शेठच्या दुकानाच्या नावाने : 'गॅलरीचा रंग, बाकी रु. १,८४०. कृपया सात दिवसांत भरावेत.'