एकदिवसीय डेल्टादर्शन, मार्गे मोलगी

आमचे पुण्याचे मेव्हणे सुंदरबन करून आले आणि तेव्हापासून त्यांना नदी दिसली की तिचे फाटे मोजायची सवय लागली. मे महिन्यात लग्नाच्या निमित्ताने नंदुरबारला उतरले, स्टेशनबाहेर चहा घेतला आणि म्हणाले, "दाजी, तुमच्याकडे तापी आहे, नर्मदा आहे. एका दिवसात बोटीतून डेल्टा होईल ना? गाइड मात्र चांगला बघा."

नंदुरबारचा माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही. मी हो म्हणालो. नंतर आठवलं की नववी-दहावीच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा : भौगोलिक कारणे द्या, नर्मदा व तापी या नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत. उत्तरही पाठ होतं. दोन्ही नद्या खचदरीतून, कठीण खडकावरून, वेगाने पश्चिमेला जातात. मुखाशी खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी गाळाला बसू देत नाही. म्हणून तिथे खाडी होते. शिवाय ती खाडीसुद्धा गुजरातेत. म्हणजे आमच्या जिल्ह्यात डेल्टा नाही आणि डेल्टा नसण्याची जागाही नाही.

तरीही सहल झाली. पुढे कोणावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडावं म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम पाहुण्याला आकडे देऊन गप्प करा. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. त्यातली जेमतेम ५४ किलोमीटर ती महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते. वाहते हे पूर्वीचं. आता तिथे सरदार सरोवराचं पाणी उभं आहे. पाणी वाटपाच्या लवादाने १९७९ साली निवाडा दिला. २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी महाराष्ट्राला पाव दशलक्ष. २८ पैकी पाव म्हणजे किती, हे समजायला गणित लागत नाही. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या जावेला विचारा. विजेत मात्र २७ टक्के वाटा मिळाला. बुडिताचा वाटा वेगळा. अक्कलकुव्याची ९ आणि अक्राणीची २४, अशी ३३ गावं.

गाडी पहाटे पाचला काढा. तळोद्याच्या पुढे डेल्टा सुरू होतो, हे पाहुण्याला सांगायला विसरू नका. त्यांना पटणार नाही, कारण आजूबाजूला केळी आणि ऊस. तेव्हा रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावा : रोझवा, सोमावल, रेवानगर, नर्मदानगर. या पुनर्वसन वसाहती. त्रिभुज प्रदेशात नदीला फाटे फुटतात. आमच्याकडे गावांना फुटले. एकट्या मणिबेलीचं बघा. एक फाटा गुजरातेत परवेट्याला गेला, एक इकडे सपाटीला उतरला आणि एक मूळ गावातच पाणी चढेल तसतसा डोंगर चढत राहिला. एका आजीचे तीन मुलगे तीन फाट्यांवर असले की सणाला कोणी कोणाकडे जायचं, हा जलवाहतुकीचा प्रश्न होतो. एवढं बोलेपर्यंत अक्कलकुवा येतं.

अक्कलकुवा हा विधानसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ. नंदुरबार हा लोकसभेचा क्रमांक एक. महाराष्ट्राची मोजणी आमच्यापासून सुरू होते, ही माहिती आम्ही प्रत्येक पाहुण्याला देतो. बाकीच्या मोजण्यांत आमचा नंबर शेवटून लागतो, ती माहिती पाहुणे स्वतःच घेऊन आलेले असतात.

देवगोई घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी ठेवावी. मोलगीला उतरा. मे महिन्यात सगळीकडे आंबट वास असेल. कातळावर, खाटेवर, प्लास्टिकच्या कागदावर, जिथे ऊन आहे तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. सोललेली कैरी बायका इतक्या पातळ कापतात की फोडीतून खालचा दगड दिसावा. दोन-तीन दिवसांत ती चामडीसारखी वळते आणि मोलगी-धडगावच्या व्यापाऱ्याकडे आमचूर म्हणून जाते. मेव्हणे फोटो काढायला मागे सरकले आणि कोणाच्या तरी चार दिवसांच्या कमाईवर उभे राहिले. बाई काही बोलली नाही. तिने फक्त त्यांच्या बुटांकडे पाहिलं. हे बूट पुढे कामाला येणार आहेत, लक्षात ठेवा.

आता मोलगीपासून खाली नदीकडे. इथे धक्का कुठे आहे, असं विचारू नका. धक्का पाण्याबरोबर फिरतो. सप्टेंबरात पाणी वर असतं तेव्हा बोट जवळजवळ रस्त्याच्या टोकाला येते. मे महिन्यात पाणी इतकं उतरतं की गाडी सोडल्यावर उभ्या उतारावरून, भेगाळलेल्या वाळक्या चिखलावरून खाली जावं लागतं. उतारावर करड्या रंगाचे पट्टे दिसतात, एकाखाली एक, जिन्यासारखे. पाणी कधी कुठे टेकलं होतं त्याच्या त्या खुणा. सर्वांत वरचा पट्टा १३८.६८ मीटरचा, २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा तिथवर भरला. त्या पट्ट्याच्या खाली झाड नाही.

बोट दिसली की तिला क्रूझ म्हणू नका. इथे तिला बार्ज म्हणतात. लोखंडी सांगाडा, वर पत्रा, मागे डिझेलचं इंजिन आणि मधोमध सगळं जग : सिमेंटच्या गोण्या, दोन शेळ्या, एक मोटारसायकल, रेशनचा तांदूळ, शाळेला सुटी लागून घरी निघालेली पोरं. खिडकीची जागा मागू नका, खिडकी नाही. वेळापत्रकही मागू नका. ज्या धरणामुळे ही बोट चालते त्याची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ ला झाली आणि लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ ला. त्या मानाने बोट तासभरच उशिरा सुटते.

लाइफ जॅकेट मागून घ्या. नसेल तर चढू नका, आणि बोट गच्च भरलेली असेल तर उतरा. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, भुषाजवळ भरलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. हे वाक्य मी मेव्हण्यांना काठावरच सांगितलं. त्यांनी सेल्फी स्टिक बॅगेत ठेवली आणि जॅकेटचे बंद दोनदा तपासले.

इथून पुढे गाइडचं काम. गाइड आधी ठरवावा लागत नाही. तो शेजारी बसलेला असतोच. आमच्या वाट्याला सत्तरीचे एक काका आले. बिडी, पांढरी टोपी, मांडीवर कोंबडी. मेव्हण्यांनी विचारलं, "काका, इथं बघण्यासारखं काय काय आहे?"

काकांनी पाण्याकडे बोट केलं. "ते आमचं घर."

"कुठे?"

"तुमच्या खाली."

मेव्हण्यांनी पाय उचलले.

काकांची पद्धत मी नीट पाहिली, कारण कुठल्याही मार्गदर्शकाने शिकून घ्यावी अशी ती आहे. समोरचा सुळका आणि मागचा सागाचा माळ एका रेषेत आले की ते म्हणायचे, "आता शाळा." मग बोट थोडी पुढे, सुळका माळाच्या डावीकडे सरकला की, "आता नाला, इथं खेकडे भारी." मग, "आता आमचा आंबा. नऊ पोती उतरायची." पाणी सगळीकडे सारखंच हिरवं. पण पंचेचाळीस मिनिटांत त्यांनी आम्हाला एक अख्खं गाव, दोन गावठाणं, एक बाजारवाट आणि सासऱ्याशी भांडण झालेलं शेत दाखवलं. सुंदरबनात गाइड वाघ दाखवायचं कबूल करतो आणि वाघ दिसत नाही. आमच्या गाइडने न दिसणारंच दाखवायचं कबूल केलं होतं.

मेव्हण्यांना डेल्ट्यातली बेटं हवी होती. ती आहेत. पाणी चढलं की डोंगराच्या सोंडा सुट्या होतात, चारी बाजूंनी पाणी. इथे त्यांना टापू म्हणतात. टापूवरची जमीन बुडालेली नसते, म्हणून ती बुडितात धरायची की नाही हा वाद. आणि तिथे बैल नेता येत नाही, म्हणून ती कसता येत नाही. काकांचा एक तुकडा टापूत आहे. ते 'घोषित' आहेत, त्यांचा भाऊ 'अघोषित'. मेव्हणे म्हणाले, म्हणजे काय? काका म्हणाले, "मी कागदावर बुडालो. तो नुसताच बुडाला."

वाटेत दुसरी जलवाहनंही दिसतील. हॉर्न वाजवू नका, हात हलवून शिट्ट्या मारू नका. त्यातली एखादी बोट अँब्युलन्स असते; तरंगता दवाखानाही याच पाण्यात फिरतो. निवडणुकीत मतदान पथकं पेट्या घेऊन बोटीनेच मणिबेलीकडे जातात. आणि २०२० च्या टाळेबंदीत माणसं अंगणवाडीत येईनात तेव्हा चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने होडी घेतली, वल्ही मारली आणि अलीगाट आणि दादर या पाड्यांवरची बाळं वजन करायला ती स्वतः जाऊ लागली. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. मेव्हणे म्हणाले, वा, रोइंग! मी त्यांना बिस्किटं दिली.

मणिबेली दिसली की उभे राहा, मात्र बोट हलणार नाही इतकंच. जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ इथलंच. ते पाण्यात गेलं, गुजरातेत गोरा येथे नवं बांधलं. परिक्रमावासी पूर्वी शूलपाणीच्या झाडीला भ्यायचे. भिल्ल लुटतात, लंगोटी तेवढी ठेवतात, अशी ख्याती. कोणी कोणाला किती लुटलं याची बेरीज अजून कोणी मांडलेली नाही. याच गावाच्या नावाने १९९४ साली एक जाहीरनामा निघाला. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने कर्ज देणं थांबवावं, अशी मागणी करणारा. ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी त्याला पाठिंबा दिला. वॉशिंग्टनला मणिबेली ठाऊक होती तेव्हा पुण्यात ती कोणाला ठाऊक होती, असं मी विचारलं. मेव्हणे म्हणाले, तेव्हा आम्ही कात्रजला होतो.

इथून खाली धरणाची भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे १८२ मीटरचा पुतळा. त्या बाजूला खरोखरची क्रूझ आहे, तिकीट आहे, गाणी आहेत. आपण भिंतीच्या अलीकडे आहोत. फोन गुजरातमध्ये स्वागत असल्याचा संदेश देईल. स्वीकारा, काठावर एवढंच नेटवर्क येतं.

जेवण बरोबर नेऊ नका. काठावर कोणीतरी वाढतंच. आम्हाला मक्याची भाकर, उडदाची डाळ, लाल मिरचीचा ठेचा आणि जलाशयातला मासा मिळाला. पैसे विचारल्यावर बाईंनी ते घेतले नाहीत. पोराच्या हातात ठेवले तेव्हा पोराने आईकडे पाहून ते परत दिले. बिलगावही दाखवायचं मनात होतं. तिथे गावकऱ्यांनी श्रमदानाने २००३ साली ओढ्याच्या पाण्यावर पंधरा किलोवॉटचं स्वतःचं वीजघर उभारलं होतं आणि २००६ च्या पुरात ते गेलं. पण ते धडगावकडे, वेगळी वाट. एकदिवसीय सहलीत तेवढी वीज बसत नाही.

परतीला बोटीने आम्हाला सकाळच्या जागी सोडलं नाही. वाऱ्यामुळे अलीकडच्या नाल्याच्या तोंडाशी उतरवलं. मेव्हण्यांनी समोर करडी, गुळगुळीत, पंख्यासारखी पसरलेली सपाटी पाहिली आणि बोटीतून थेट तिच्यावर उडी घेतली. गुडघ्यापर्यंत आत.

आणि तिथे, त्यांचा हात धरून ओढताना, मला पाठ केलेली व्याख्या पुन्हा आठवली. वेगाने येणारं पाणी संथ पाण्याला मिळतं, वेग मरतो, गाळ खाली बसतो, प्रवाहाला फाटे फुटतात. सातपुड्यातला प्रत्येक नाला आता समुद्राऐवजी या उभ्या पाण्याला मिळतो आणि आपल्या तोंडाशी दरवर्षी थोडा गाळ टाकतो. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. त्या पंख्यावर तीन बारीक झिरे वेगवेगळ्या दिशांना गेलेले स्पष्ट दिसत होते. मी म्हणालो, "मेव्हणे, हलू नका. तुम्ही डेल्ट्यात आहात."

काकांना डेल्टा शब्द समजावून सांगितला. ते म्हणाले, "हा गाळ का? आमच्याच शेताचा आहे. वरून आला." कोणी कोणी त्यावर गाळपेरही करतं म्हणाले.

सहल यशस्वी झाली, असं मेव्हण्यांनी घरी सांगितलं. जाऊ इच्छिणाऱ्यांनी चपला घालाव्यात, बूट नकोत. त्यांचा डावा बूट त्या गाळातच राहिला; आता पावसाळ्यात तो बुडितात जाईल. त्याचा पंचनामा झालेला नाही.