हळद चालू, आवाज बंद

२०२५च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो एकदाची कफ परेडला पोचली. आरेपासून साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. सरकते जिने, काचेचे दरवाजे, थंडगार हवा. सगळं होतं, फक्त फोन लागेना. बोगद्यात मोबाइलचं जाळं कोणी टाकायचं आणि कोणत्या अटींवर, यावर मेट्रोवाले आणि मोबाइल कंपन्यांचं जमत नव्हतं.

स्थानकातून वर या आणि वासाचा माग काढत समुद्राकडे चाला. मच्छीमार नगर. तिथे जाळंच जाळं. उन्हात पसरलेलं, पायाच्या अंगठ्यात अडकवून शिवत बसलेलं. अटी नाहीत, बैठका नाहीत.

आणि फोनही लागतो.

आता हा कफ कोण? टी. डब्ल्यू. कफ, इंग्रजी अमदानीतल्या मुंबई सुधार ट्रस्टमधले साहेब. समुद्र मागे ढकलून जमीन केली, तिला साहेबांचं नाव लागलं. ज्यांचा समुद्र ढकलला त्यांच्या वस्तीला काय नाव मिळालं? 'मच्छीमार नगर'. हे नाव नव्हे, धंदा झाला. उद्या टिळकांच्या रस्त्याला 'संपादक मार्ग' म्हणा, चालेल?

ज्याचं नाव त्याची मालकी. बौद्धिक संपदेचा सगळा कायदा एवढाच आहे. बाकीची पानं वकिलांसाठी.

या कायद्याची देशातली मुख्य पेढीही मुंबईतच आहे, अँटॉप हिलला. बौद्धिक संपदा भवन. तिथून सायन कोळीवाडा जवळच. तोच तो, ज्याच्या नावाने 'प्रॉन्स कोळीवाडा' देशभरच्या मेनूकार्डांवर गेला. कोळ्यांच्या चुलीवर हा पदार्थ शोधायला जाऊ नका. फाळणीनंतर तिथे येऊन वसलेल्या पंजाबी मंडळींच्या कढईतला तो. चव त्यांची, नाव कोळीवाड्याचं, बिल तुमचं.

आणि हो, कोळीवाड्यांचंच निघालं आहे तर, इंटरनेट ढगात नसतं. ते समुद्राच्या तळातून येतं. देशाला जगाशी जोडणाऱ्या केबलींपैकी बऱ्याचशा वर येतात कुठे, तर वेसाव्याला. म्हणजे वर्सोव्याला. मासळी उतरते त्याच गावात तुमच्या वेबसिरीज उतरतात. मच्छीमारांना सूचना एकच: केबलच्या वाटेत जाळं टाकू नका.

जाळ्याची जाळ्याला अडचण होते म्हणे.

तंत्रज्ञान कोळ्यांसाठी काहीच करत नाही, असं मात्र म्हणू नका. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान बघते, पाण्याचा हिरवेपणा मोजते आणि मासळी कुठे सापडेल ते कळवते. दिशा, अंतर, खोली, सगळं. मराठीतसुद्धा. ट्रॉलरवाल्याचं डिझेल वाचतं, झकास आहे. पण बोंबील धरणाऱ्या डोलकराचं काय? त्याचं जाळं म्हणजे डोल, समुद्रात ठरल्या जागी बांधलेली. त्या जागेला म्हणतात कव. डोल माशामागे धावत नाही. भरती-ओहोटीचा ओढा मासळी घेऊन डोलीत येतो. उपग्रहाने त्याला सांगितलं, मासे चाळीस किलोमीटरवर नैर्ऋत्येला आहेत. बरं मग?

कव कोणाची हे कोळी जाणतात. त्यावरून सातपाटी आणि वसईकडच्यांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. आता, भांडण आहे म्हणजे मालमत्ता आहे, हे मुंबईकराला सांगावं लागतं का? पण सातबारा दाखवा म्हटलं की संपलं. दर्याचा सातबारा कुठला तलाठी देतो?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहशतवाद्यांची रबरी होडी मच्छीमार नगराच्याच किनाऱ्याला लागली. येणाऱ्यांकडे जीपीएस होतं, उपग्रह फोन होता. किनाऱ्यावरच्या माणसांकडे एक प्रश्न होता. कोण तुम्ही? जगातला सगळ्यांत जुना पासवर्ड. तो विचारला तो इथल्याच लोकांनी. पुढे सागरी सुरक्षा कडक करायचं ठरलं आणि बायोमेट्रिक ओळखपत्रं निघाली. कोणाची?

मच्छीमारांची. ज्यांनी हटकलं, बोटांचे ठसे त्यांचेच घेतले.

त्या रात्रीनंतर काही आठवड्यांतच सिनेमावाल्यांनी शीर्षकं नोंदवायला गर्दी केली. माणसं अजून इस्पितळात आणि नावं रजिस्टरात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दुसऱ्याच एका खटल्यात सांगून टाकलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. घाई वाया गेली म्हणायची.

ताजचं मात्र काम पक्कं. २०१७ साली ताज महाल पॅलेसने आपल्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क नोंदवला. असा मान मिळवणारी देशातली पहिली इमारत. गेटवेसमोर उभं राहून सेल्फी काढा, कोणी अडवणार नाही. ते चित्र छापून कपबशा विकायला काढलीत, तर आधी विचारा. योग्यच आहे. रूप कमवायला शंभर वर्षं लागतात.

मग तिथून दोनेक किलोमीटरवर पाटी घेऊन बसलेल्या बाईचं रूप? ती कोळी पद्धतीची नऊवारी, अंबाडा, त्यावर वेणी, कानातलं भारदस्त सोनं. मॉलमधल्या मसाल्याच्या पाकिटावर हीच बाई हसते आहे. घरपोच मासळीच्या जाहिरातीतही हीच. 'कोळिणीच्या हातची चव', वगैरे. खरी कोळीण त्याच वेळी बाजारातला ओटा राहतो की जातो या चिंतेत.

घुमटाला ट्रेडमार्क. अंबाड्याला नाही.

कोल्हापुरी चपलेचं तरी काय झालं? जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा हक्क, होता, २०१९पासून. प्राडाने २०२५च्या जूनमध्ये मिलानला मंचावर चपला चालवल्या. कोल्हापूरचं नावही न घेता. बोंबाबोंब झाली, तेव्हा कंपनीला कोल्हापूर आठवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तर याचिका फेटाळली गेली, कारण याचिका करणारे जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते. मालक आहेत दोन महामंडळं, एक महाराष्ट्राचं, एक कर्नाटकाचं. डिसेंबरात त्यांच्याशीच करार झाला. दोन हजार जोड, एकेक साधारण आठशे युरोंना. चपलेला अंगठा असतो तो एवढ्यासाठीच. करारावर उठवायला.

आता लालबाग. राजाचं मंडळ १९३४चं. पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी आणि व्यापारी मंडळींनी जागेसाठी नवस केला, जागा मिळाली, गणपती बसला. तो राजा झाला, ब्रँड झाला. मूर्तीचं रूप घडवलं कांबळी घराण्याने, आणि नक्कल नको म्हणून त्या रूपाचे हक्कही नोंदवून घेतले. शहाणपणा आहे. तसाच राजा गल्लोगल्ली बसला, तर राजा कसला?

रूपाची नोंदणी झाली. विसर्जनाची करायची राहिली.

२०२५च्या विसर्जनाला नवाकोरा तराफा आला, यंत्रांनी सज्ज. राजा रविवारी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला. तोवर भरती आली होती. पाण्यात मूर्ती हलेल तर शपथ. मूर्ती तराफ्यावर चढेना, भक्त पाण्यात, कॅमेरे वाळूवर. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. त्यात त्या रात्री चंद्रग्रहण. शेवटी नऊच्या सुमारास विसर्जन झालं. देशाने तासन्‌तास थेट प्रक्षेपण पाहिलं, आणि शहरातल्या लाखो लोकांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं की समुद्राला वेळापत्रक असतं.

गिरगावची नाखवा मंडळी मग टीव्हीवर बोलली. वर्षानुवर्षं आम्ही विसर्जन करत आलो, यंदा आम्हाला विचारलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मंडळाचं म्हणणं निराळं. आपण कशाला भांडणात पडा? पण तिथी कळली की भरती कळते, उधाण कधी आणि भांग कधी हे कोळ्याच्या पोराला पाढ्यांआधी येतं, एवढं तरी मान्य कराल? या विद्येचं पेटंट मिळत नाही. कारण ती नवी नाही. पेटंटाला शोध नवा लागतो. चुकलेला चालतो.

गाण्यांची गोष्ट तर आणखी गोड. सगळ्यांत गाजलेली कोळीगीतं लिहिली कोणी? शांता शेळके यांनी. काय लिहिली आहेत! समुद्राचा वारा अंगावर येतो. शांताबाई गेल्या २००२ साली. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट, म्हणजे त्या शब्दांना २०६२ अखेरपर्यंत संरक्षण. आणि ज्या वल्ह्याच्या ठेक्यावर, ज्या बोलीवर ते शब्द तरंगतात, तिचा कवी कोण? नाव सापडत नाही. म्हणून हक्कही सापडत नाही.

आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने २०२५मध्ये रोखली. गळा त्यांचा, हक्क त्यांचा. उत्तम. आता 'ताजे बोंबील घ्या गं' या आरोळीची नक्कल करणारं यंत्र निघालं, तर अर्ज कोणाच्या नावाने करायचा?

हळदीचं मात्र कायद्याने भलं केलं आहे. कोळ्यांची हळद म्हणजे काय हे ज्याने पाहिलं नाही, त्याने मुंबई पाहिली नाही. लग्न एकवेळ लवकर आटपेल, हळद पहाटेपर्यंत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये लग्नाच्या वरातीला आणि लग्नाच्या इतर सोहळ्यांना सूट आहे. गाणी वाजवा, परवाना नको. तरी वसुलीवाले दारात उभे राहायचेच. म्हणून केंद्र सरकारला २०२३च्या जुलैमध्ये पुन्हा सूचना काढावी लागली की लग्नात पैसे मागू नका. गोवा सरकारने त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं, तर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते २०२४मध्ये रद्द केलं.

म्हणजे नाचा. पण करवल्यांमध्ये एक वकील असू द्या.

मध्यंतरी मच्छीमार नगरातल्या एका हळदीला गेलो होतो. बेंजोवाल्यांनी जीव तोडून वाजवलं. अंगाला हळद, डोक्याला टोप्या, म्हाताऱ्या तरण्यांना दमवत होत्या. मध्येच कुणा उत्साही भाच्याने स्पीकरवर एक गाणं लावलं. मोजून चाळीस सेकंद. त्याने सगळा व्हिडिओ रात्रीच टाकला.

सकाळी आवाज गायब. कुठल्याशा कंपनीचा हक्क म्हणे. बेंजोही गेला, हाळ्याही गेल्या, आजीने म्हटलेलं हळदीचं गाणंही गेलं. कायद्याची सूट मांडवापुरती. मांडवाबाहेर यंत्राचं राज्य, आणि यंत्राला वऱ्हाड कळत नाही.

आजीने फोन कानाला लावून पाहिला, उलटा करून पाहिला.

"आमी मुकं झालो काय रं?"

भाचा तोवर लाइक मोजत होता. चारशे बारा.